चेहऱ्याच्या शिरेचा एमआरआय: उपचार लागू पडतोय का, हे त्यातून किती आणि कसं कळतं

मराठीत 'शीर' या शब्दाने बराच घोळ घातला आहे. रक्त वाहून नेते तीही शीर, आणि संवेदना मेंदूपर्यंत पोचवते तीही शीर. पेशंट 'शीर दबलीय' म्हणतो तेव्हा नेमकी कोणती, हे विचारून घ्यावं लागतं. पण चेहऱ्याचं एक दुखणं असं आहे की तिथे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात: रक्ताची शीर संवेदनेच्या शिरेवर टेकते आणि गालात वीज चमकते. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा तीन फांद्यांनी अर्ध्या चेहऱ्याची संवेदना वाहणारी मेंदूची पाचवी नस त्यात बिघडते. यापुढे घोळ नको म्हणून संवेदनेची ती नस आणि रक्ताची ती रक्तवाहिनी, असंच लिहितो; पुढे 'शीर' आलीच तर ती फक्त हृदयाकडे रक्त परत नेणारी, धमनी नव्हे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. या नसेचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. नातेवाईक दाराशी थांबून विचारतात ते प्रश्न ठरलेले. 'गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले, किती फरक पडला ते एमआरआयमध्ये बघायचं का?' किंवा 'ऑपरेशन झालं, आता नस मोकळी झाली ना, एकदा खात्री करून द्या.' दोन्हींची उत्तरं त्यांना आवडत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठीच आहे. कोणता स्कॅन कधी करायचा, तो नीट कसा करून घ्यायचा, रिपोर्टमधल्या कोणत्या ओळीला महत्त्व द्यायचं आणि कोणती सोडून द्यायची, हे क्रमाने सांगतो.

स्कॅनच्या आधी वही

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे आले होते. खिशात छोटी वही. आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस, दुखण्याची नोंदही तशीच रकाने आखून केलेली: 'स. ६.४०, चूळ भरताना, उजवा खालचा जबडा, ४ वेळा, सेकंदभर.' 'स. ७.१५, चहा, २ वेळा.' 'दु. १.००, भाकरी चावताना, १० वेळा, जेवण सोडलं.' 'रात्री, काही नाही.' उजव्या बाजूच्या दोन दाढा त्यांनी आधीच काढून घेतल्या होत्या. दुखणं तसूभर हललं नव्हतं.

त्या एका पानाने मला जे सांगितलं ते कोणत्याही मशीनने सांगितलं नसतं. कळ विजेसारखी, सेकंदाच्या अंशापासून दोन मिनिटांपर्यंत. स्पर्श, वारा, घास, दात घासणं, दाढी करणं अशा क्षुल्लक गोष्टीने सुरू होणारी. एकाच बाजूला. मधल्या वेळात एकदम शांत. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं निदान या वर्णनावरच होतं, स्कॅन येतो तो त्यानंतर. उलट दिवसभर ठणकत राहणारं, नेमकी जागा बोटाने दाखवता न येणारं, मधूनच बाजू बदलणारं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. त्याचं औषध वेगळं आणि डॉक्टरही कदाचित वेगळा.

वहीला जोड म्हणून एक मोजपट्टी ठेवा. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या बॅरो न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने केलेली ही पाच पायऱ्यांची श्रेणी जगभर वापरतात. पहिली पायरी: दुखणं नाही, गोळीही नाही. दुसरी: कधीमधी दुखतं, पण गोळी लागत नाही. तिसरी: गोळीने दुखणं आटोक्यात राहतं. चौथी: गोळी घेऊनही पुरेसं आटोक्यात नाही. पाचवी: असह्य, कशानेच आराम नाही. दर रविवारी वहीत एक आकडा लिहा. उपचार लागू पडतोय की नाही, हे या आकड्यावरून ठरतं. स्कॅनचं काम वेगळं: आकडा का उतरला किंवा का उतरला नाही, याचं कारण शोधायला तो मदत करतो. पुढचं सगळं या एका भेदावर उभं आहे.

पहिला स्कॅन: कोणता प्रश्न विचारायचा

वर्णन जुळलं की एकदा एमआरआय करायचाच. युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. त्याचा पहिला उद्देश रक्तवाहिनी शोधणं हा नाही, दुसरा आजार वगळणं हा आहे. अशा पेशंटपैकी साधारण १५ टक्क्यांत दुखण्यामागे गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखं (यात मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं) वेगळं कारण निघतं. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही गाल दुखत असतील, चेहऱ्यावर बधिरपणा असेल किंवा त्याच बाजूने कमी ऐकू येत असेल, तर या शक्यतेकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं.

कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या देठाशी जो कोपरा असतो तिथे एपिडर्मॉइड नावाची एक गाठ होते. नेहमीच्या चित्रात ती निव्वळ पाण्यासारखी दिसते आणि नजरेतून सहज निसटते. डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे एमआरआयच्या एका चित्रप्रकारात, मात्र ती दिव्यासारखी उजळते. पुढे तिचं ऑपरेशन झालं तर कण शिल्लक राहिला का, हेही त्याच सिक्वेन्सने कळतं. म्हणून डिफ्यूजन वगळून केलेला पहिला स्कॅन मी अपुरा समजतो.

दुसरा प्रश्न रक्तवाहिनीचा. अमेरिकन सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्येच लिहून ठेवलं होतं की ऑपरेशन करताना नसेला टेकलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. १९६७ च्या सुमारास पीटर जॅनेटा यांनी मायक्रोस्कोपखाली ती रक्तवाहिनी बाजूला करण्याचं ऑपरेशन पुढे आणलं. तेव्हा कवटी उघडल्यावरच कळे की काय टेकलंय. आता आधी दिसतं, फक्त स्कॅन नीट केलेला हवा.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

कंडक्टरांच्या पिशवीत एक जुना एमआरआय होता. दुसऱ्या गावातल्या सेंटरवर केलेला, रिपोर्ट 'मेंदू नॉर्मल'. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं 'एमआरआय ब्रेन' आणि खाली 'फेशियल पेन'. सेंटरने मेंदूचा साधा एमआरआय केला. त्यात मेंदूचे काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे, दोन कापांमध्ये थोडी फट. पाचवी नस मेंदूच्या देठातून बाहेर पडते तिथे तिची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. म्हणजे कोबीच्या जाड फाकीत हरभरा शोधण्यासारखं. रिपोर्ट खोटा नव्हता, त्या स्कॅनला तो प्रश्न विचारलाच नव्हता.

चिठ्ठीवर 'ट्रायजेमिनल नर्व्ह प्रोटोकॉल' असं स्पष्ट लिहून घ्या. कोणती बाजू, कोणती फांदी, किती महिने, आधी काही प्रक्रिया झाली आहे का, हेही त्याखाली यावं. या प्रोटोकॉलमध्ये तीन चित्रं लागतात. एक, पाणी पांढरं दाखवणारी अति-बारीक कापांची टी-टू मालिका, अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपासची. मशीनच्या कंपनीनुसार तिचं नाव बदलतं: कुठे सिस, कुठे फिएस्टा, कुठे ड्राइव्ह. नावावरून वाद घालू नका, काप किती जाडीचे ते विचारा. दोन, धमन्या उजळ दाखवणारी टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओग्राफी. तीन, इंजेक्शन देऊन काढलेली बारीक कापांची टी-वन मालिका. तिच्यात लहान शिरा आणि गाठी दिसतात. शिवाय मेंदूची नेहमीची चित्रं आणि डिफ्यूजन.

टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद. तीन टेस्लाचं मशीन मिळालं तर उत्तम. पण दीड टेस्लावर नीट केलेला प्रोटोकॉल हा तीन टेस्लावर घाईत केलेल्या साध्या मेंदूच्या स्कॅनपेक्षा कितीतरी बरा. 'हायर टेस्ला' म्हणून दोनशे किलोमीटर प्रवास करणारे लोक बघतो आणि वाईट वाटतं. फोन करून एकच प्रश्न विचारायचा होता: 'पाचव्या नसेचे बारीक काप तुमच्याकडे करतात का?'

स्कॅनच्या दिवशी

गोळीची वेळ चुकवू नका. 'दुखत असताना स्कॅन केला तर दिसेल' हा समज चुकीचा आहे. कळ चित्रात दिसत नाही, पण कळेने डोकं हललं तर चित्र नक्की बिघडतं. डोक्याभोवती जाळीसारखी कॉइल लावतात, तिच्या गाद्या गालाला टेकल्या की कळ सुरू होऊ शकते. टेक्निशियनला आधीच सांगा, गादी कानाच्या वर सरकवता येते. वारा सोसत नसेल तर आतला पंखा बंद ठेवायला सांगा.

दागिन्यांपैकी सगळ्यात जास्त अडवते ती नाकातली चमकी. वीस वर्षं न काढलेली, मळीने गच्च झालेली फिरकी. आदल्या दिवशी सोनाराकडून सैल करून आणा. स्कॅनच्या दारात ओढाताण केली तर दुखऱ्या गालाचं काय होतं ते मी पाहिलंय. मंगळसूत्र, हेअरपिना, कवळी, श्रवणयंत्र बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर ते स्कॅनची वेळ घेतानाच सांगा. दातांच्या तारांमुळे चेहऱ्याचा पुढचा भाग विस्कटतो, पण नसेचं मूळ खोलवर असल्याने बहुतेक वेळा काम निभतं.

इंजेक्शनआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्त तपासणीचा) अलीकडचा रिपोर्ट हातात असू द्या.

रिपोर्ट वाचताना

बारीक कापांच्या चित्रात मेंदूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं. त्यात देठातून निघालेली करडी दोरी पुढे चाललेली असते, ती पाचवी नस. साधारण सेंटीमीटरभर ती या पाण्यातून जाते आणि हाडातल्या एका खोबणीत शिरते. मी चाक फिरवत वरून खाली येतो. कंडक्टरांच्या नव्या, बारीक कापांच्या चित्रात डावी दोरी गोल, सरळ. उजवीकडे वरून एक काळा ठिपका येतो, पुढच्या कापात तो लांबट होतो, त्याच्या पुढच्या कापात नसेच्या पाठीवर बसतो. नस त्या जागी चपटी होऊन बाहेरच्या बाजूला कलली आहे. अँजिओग्राफीत तोच ठिपका उजळला, म्हणजे शीर नव्हे, धमनी: सुपीरियर सेरेबेलर. या दुखण्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारी आरोपी तीच.

आता महत्त्वाचं. रक्तवाहिनी टेकलेली दिसणं हा पुरावा नाही. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, १३५ पेशंटच्या दोन्ही बाजू तपासल्या. दुखऱ्या बाजूला ८९ टक्क्यांत रक्तवाहिनी टेकलेली होती. न दुखणाऱ्या बाजूला? ७८ टक्क्यांत! पण रक्तवाहिनीने नस जागची हलवली आहे किंवा नस बारीक झाली आहे, असा गंभीर दाब दुखऱ्या बाजूला ५३ टक्के आणि न दुखणाऱ्या बाजूला १३ टक्के. म्हणून रिपोर्टमध्ये 'काँटॅक्ट' आणि 'कंप्रेशन' हे दोन शब्द वेगळे वाचा. नुसता काँटॅक्ट म्हणजे गर्दीच्या बसमध्ये खांद्याला खांदा लागणं. कंप्रेशन म्हणजे कोणीतरी पायावर उभं राहणं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीतही 'क्लासिकल' हा शिक्का नसेचा आकार बदललेला दिसला तरच बसतो. नुसतं टेकलेलं असेल किंवा काहीच दिसत नसेल तर तो प्रकार 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण न सापडलेला.

चांगल्या रिपोर्टमध्ये या गोष्टी हव्यात: कोणती रक्तवाहिनी, धमनी की शीर, देठापासून किती अंतरावर, फक्त टेकली, कलवली की चपटी केली, नसेची जाडी दुसऱ्या बाजूच्या तुलनेत किती, आणि दुसऱ्या बाजूलाही काय दिसलं. शेवटची ओळ बऱ्याचदा गाळलेली असते. दुसरी बाजू न सांगणारा रिपोर्ट म्हणजे एकाच पक्षाची जबानी. मी स्वतः आधी दोन्ही नसा पाहतो, निष्कर्ष लिहून ठेवतो आणि मग चिठ्ठीवरची दुखरी बाजू वाचतो. आधी बाजू वाचली की डोळा तिथेच काहीतरी शोधून काढतो, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

सतत ठणकणारं, वीज नसलेलं दुखणं आणि रिपोर्टमध्ये 'काँटॅक्ट' अशी जोडी आली तर कोणी ऑपरेशन सुचवलं तरी घाई करू नका. वहीतलं वर्णन आणि चित्र जुळलं पाहिजे. दाढ काढल्यानंतर किंवा इम्प्लांट बसवल्यानंतर सुरू झालेला बधिरपणा आणि जळजळ हीदेखील निराळी गोष्ट. तिथे नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी शोधण्याआधी जबड्याचा कोन-बीम सीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन) करून इम्प्लांट नसेच्या नळीत शिरलंय का ते बघायचं, आणि तेही लवकरात लवकर.

गोळ्या चालू असताना

इथे स्कॅनला जवळजवळ काही काम नाही. कार्बामाझेपिन १९६२ पासून या दुखण्यावर दिलं जातं आणि आजही पहिली गोळी तीच किंवा तिचं भावंड ऑक्सकार्बाझेपिन. ती नसेचा भडका थांबवते, रक्तवाहिनी हलवत नाही. गोळीने माणूस पूर्ण बरा वाटत असताना केलेला स्कॅन आणि तडफडत असताना केलेला स्कॅन तंतोतंत सारखे दिसतील. तीन महिन्यांनी 'फरक बघायला' केलेला एमआरआय म्हणजे वाया गेलेले पैसे.

त्या पैशांत रक्त तपासा. गोळी सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५:०२ या जनुकाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आशियाई वंशाच्या काही लोकांत ते असतं, आणि असलं तर अंगावरची त्वचा सोलून निघावी अशी जिवावरची ॲलर्जी होण्याचा धोका बराच वाढतो. नंतर सोडियम, रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने. ब्लडप्रेशरसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाचं सोडियम या औषधाने झपाट्याने उतरू शकतं. घरचे म्हणतात 'आजी हल्ली भ्रमिष्टासारखं करतात', तेव्हा मेंदूचा स्कॅन मागण्याआधी सोडियम बघा. आणि अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

अपवाद एकच. दुखण्याची जात बदलली, म्हणजे नवा बधिरपणा आला, दुसरी बाजू दुखू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर गोळी चालू असली तरी स्कॅन पुन्हा करायचा.

ऑपरेशन किंवा प्रक्रियेनंतर

प्रत्येक उपचाराचा चित्रातला ठसा वेगळा असतो. तो माहीत नसला की घोटाळे होतात.

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशन, म्हणजे कानामागे नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक करून रक्तवाहिनी नसेपासून दूर करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा पिंजलेला बोळा ठेवायचा. बहुतेकांना शुद्धीवर आल्या आल्याच फरक जाणवतो, काहींना काही आठवडे लागतात. पिट्सबर्गमधल्या जॅनेटा आणि सहकाऱ्यांच्या ११८५ पेशंटच्या १९९६ मधल्या अहवालात दहा वर्षांनंतरही ७० टक्के लोकांना उत्तम आराम होता. ऑपरेशननंतर लगेचचा सीटी होतो तो रक्तस्राव, सूज बघायला. वेदनेशी त्याचा संबंध नाही.

कंडक्टरांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते सांगतो. ऑपरेशननंतर वहीत आकडा एक. दोन महिन्यांनी कोणा हितचिंतकाच्या सल्ल्यावरून त्यांनी स्वतःच एमआरआय करून घेतला. रिपोर्ट आला: 'उजव्या पाचव्या नसेलगत काळपट वस्तू, नसेशी काँटॅक्ट.' त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. ती 'वस्तू' म्हणजे टेफ्लॉनचा बोळा, आणि नसेला टेकून असणं हेच त्याचं काम. रिपोर्ट लिहिणाऱ्याला ऑपरेशन झालंय हे कोणी सांगितलंच नव्हतं. वहीत तोवर साठ दिवस लागोपाठ 'काही नाही' लिहिलेलं. मी त्यांना तेवढंच उघडून दाखवलं.

पूर्ण बरं वाटत असताना नसेचा स्कॅन नको, अशा रात्री टाळायच्या म्हणून. कारण असेल तरच करा, आणि चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख आणि 'टेफ्लॉन ठेवलं आहे' असं लिहून घ्या.

रेडिओसर्जरीचं, म्हणजे चिरफाड न करता नसेवर किरणांचा नेम धरण्याचं, वेळापत्रक निराळं. स्वीडिश सर्जन लार्स लेक्सेल यांनी स्टॉकहोममध्ये १९५१ मध्ये पहिल्यांदा याच नसेवर रेडिएशनचा नेम धरला. आज गॅमा नाइफ या यंत्राने नसेच्या एका बिंदूवर साधारण ७० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं एकक) इतका मोठा डोस एकाच बैठकीत देतात. दुखणं काही आठवड्यांपासून काही महिन्यांत उतरतं. म्हणून पंधरा दिवसांत 'लागू पडलं नाही' म्हणू नका आणि गोळी स्वतःहून थांबवू नका. सहा महिन्यांनी इंजेक्शन देऊन केलेल्या स्कॅनमध्ये नेमक्या त्या बिंदूवर नस उजळलेली दिसू शकते. नेम योग्य जागी लागला, एवढंच त्यातून कळतं. उजळलेल्यांनाच आराम पडतो असं नाही, आणि न उजळलेल्यांनाही पडतो.

गालातून सुई घालून केलेल्या प्रक्रिया, रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता, ग्लिसरॉलचं इंजेक्शन, फुग्याचा दाब, यांत चित्राचं खरं काम प्रक्रियेच्या वेळीच असतं. कवटीच्या तळाच्या एका छिद्रातून सुई आत जाते ती क्ष-किरणाखाली बघत. फुग्याच्या प्रक्रियेत सर्जन पडद्यावर फुग्याचा आकार बघतो: तो नासपतीसारखा, खाली फुगीर आणि टोकाला निमुळता झाला की योग्य खोबणीत बसला आणि दाब नीट पडला. उपचाराचं मूल्यमापन तिथे दोन मिनिटांत होऊन जातं. नंतर गालावर जाणवणारा बधिरपणा हा नसेला इजा झाल्याचा पुरावा, त्यासाठी एमआरआय लागत नाही. डोळ्याच्या बुबुळावर मात्र लक्ष ठेवा. कपाळाची फांदी बधिर झाली तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही.

नसेच्या आतली वीण: डीटीआय

आतापर्यंत सांगितलं ते नसेच्या बाहेरचं, तिच्यावर कोण बसलंय याचं चित्र. नसेच्या आत काय बिघडलंय ते बघायची पद्धत म्हणजे डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. निरोगी नसेत पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने सरळ धावतात, आडवे जायला आवरण अडवतं. आवरण खराब झालं की ते आडवेही पसरतात. हा शिस्तीचा अंश शून्य ते एक अशा आकड्यात मोजतात, त्याला फ्रॅक्शनल अनायसोट्रॉपी म्हणतात. दुखऱ्या बाजूला तो बऱ्याचदा कमी येतो.

टोरंटोमधल्या मोजगान होडाई यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात रेडिओसर्जरी झालेल्या पाच पेशंटमध्ये नेम धरलेल्या बिंदूवर हा आकडा ४७ टक्क्यांनी घसरला, बिंदूच्या बाहेर फारसा नाही. इंजेक्शनने नस उजळली की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे साध्या स्कॅनला न दिसणारा ठसा इथे उमटला. डीकंप्रेशननंतर आराम पडलेल्यांत हा आकडा सावरतो, असंही काही छोट्या अभ्यासांत दिसलंय.

मग सगळ्यांनी डीटीआय का करू नये? त्याच्या चित्रातला एक ठोकळा बहुधा दोन मिलिमीटरचा, आणि नस तीन-चार मिलिमीटरची, तीही आधीच चपटी झालेली. म्हणजे नसेच्या आरपार एखाद-दोनच ठोकळे बसतात, आणि त्यात बाजूचं पाणी मिसळलं की आकडा आपोआप घसरतो. एका मशीनवरचा ०.४ दुसऱ्या मशीनवर वेगळा येईल. पाच पेशंटच्या सरासरीवरून तुमच्या एकट्याच्या गालाबद्दल काही ठरवता येत नाही. कोणी अभ्यासात सहभागी व्हायला बोलावलं तर जरूर जा. कोणी जादा पैसे घेऊन 'नसेची ताकद मोजून देतो' म्हणालं तर, तो आकडा बघून माझा उपचार कसा बदलणार, एवढं विचारा.

दुखणं परत आलं तर

आता स्कॅनची पाळी खरी येते. पण आधी वही: परतलेली कळ जुन्यासारखीच आहे का? तीच बाजू, तीच फांदी, तीच वीज? की आता ठणका, जळजळ, बधिर जागेतच दुखणं? दुसऱ्या प्रकारात नस जखमी झाल्याची शक्यता जास्त, आणि पुन्हा तीच प्रक्रिया केल्याने ते वाढू शकतं.

वीज जुनीच असेल तर नसेचा पूर्ण प्रोटोकॉल इंजेक्शनसकट करा, आणि रेडिओलॉजिस्टला तीन गोष्टी शोधायला सांगा: बोळा सरकून तीच किंवा नवी रक्तवाहिनी टेकली आहे का, टेफ्लॉनभोवती गाठ झाली आहे का, कारण ती इंजेक्शनने उजळते आणि जुनी झाल्यावर सीटीत चुन्यासारखी पांढरी दिसते, आणि पहिल्या वेळी निसटलेला दुसरा आजार आहे का. बऱ्याच वेळा यातलं काहीच सापडत नाही. तरीही उपचाराचे मार्ग खुले असतात, फक्त ते वहीवरून ठरवावे लागतात.

तुलना करायची तर दोन्ही स्कॅन सारखे हवेत. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, तीच कापांची जाडी. फिल्मवर पंधरा बारीक चौकोन छापून मिळतात, त्यात नसेचे दोनशे काप मावत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी डायकॉम स्वरूपात (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) सगळी चित्रं मागून घ्या. सीडी चार-पाच पावसाळ्यांत वाचेनाशी होते आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा खाचाही नसतो. घरी आल्या आल्या ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, पेनड्राइव्हला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि वहीच्या मागच्या खिशात ठेवा. कंडक्टरांनी त्यासाठी तिकिटाच्या ट्रेचं जुनं रबरबँड वापरलंय.